उशांवर उशा

डॉक्टर: तुमच्या बायकोला काय झालंय ते सांगते, पण आधी मला एक सांगा. झोपताना उशा किती घ्यायच्या त्या?

जावई: उशा? कसल्या, कापसाच्या की फोमच्या?

डॉक्टर: कसल्याही. किती?

सासूबाई: डॉक्टरबाई, त्यांचा धंदाच आहे हो तो. गाद्या, उशा, सोफे. तुम्ही नुसतं उशी म्हणायचा अवकाश, गाडी सुरू.

जावई: आधी एकच घ्यायची. बाळ झाल्यावर दोन. मग तिसरी. पण तीन उशा ठेवल्या की मधली सरकते आणि माणूस घसरतो. म्हणून मग मी तिला एक तिरकी बनवून दिली. उतार असलेली. खाली कडक फोम, वर मऊ. पाठ पूर्ण टेकते, मान अधांतरी राहत नाही.

डॉक्टर: म्हणजे बसूनच झोपायच्या.

जावई: जवळजवळ. पण छान झोपायची त्यावर. छान म्हणजे… आधीपेक्षा बरी.

डॉक्टर: आणि ती उशी काढली तर?

जावई: काढली नाही कधी. का काढायची?

सासूबाई: बाळंतिणीची पाठ दुखतेच, डॉक्टर. त्यात नवीन काय? मी पाळणाघर चालवते. किती आया येतात माझ्याकडे, सगळ्या कंबर धरूनच येतात. मीच म्हटलं माझ्या बबीला, पाठीला आधार घे.

डॉक्टर: पाठ दुखते असं त्या म्हणाल्या होत्या?

सासूबाई: असं… तिनं म्हणायला कशाला हवं? दिसतंच की.

डॉक्टर: त्या काय म्हणाल्या होत्या, ते आठवतंय का कोणाला?

जावई: आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं, असं म्हणाली होती.

डॉक्टर: कधी?

जावई: बरेच दिवस झाले. मी म्हटलं, थांब, उतार वाढवतो.

डॉक्टर: हं.

जावई: का? काही चुकलं का माझं?

डॉक्टर: पाय सुजायचे?

सासूबाई: सुजतातच ना हो पाय. नऊ महिने ओझं वाहिलेलं असतं. चप्पल बसेना म्हणून माझी घालून फिरत होती. माझी बघा, ही अशी होडीएवढी.

डॉक्टर: खोकला?

जावई: होता. रात्री जास्त. औषधाच्या दुकानातून बाटली आणली मी. त्यानं काही फरक पडला नाही, म्हणून दुसरी आणली.

डॉक्टर: जिना चढताना?

जावई: मध्येच बसायची. पायरीवर.

डॉक्टर: मग?

जावई: मग काय, दोन मिनिटांनी उठायची. आज सकाळी उठलीच नाही. ओठ बघितले तर निळे. खाली माझा टेम्पो उभा होता, गिऱ्हाइकाचा सोफा पोचवायचा होता. त्या सोफ्यावरच तिला बसवलं आणि इथे आणलं. लोक बघत होते रस्त्यावर. त्यांना वाटलं असेल, काय थाट आहे.

सासूबाई: डॉक्टर, तुम्ही सांगा ना काय ते. रक्त कमी आहे ना? मी म्हणतच होते, ही पोरगी खात नाही. चिमणीएवढं खायची, आणि वर म्हणायची पोट भरल्यासारखं वाटतं. मी तुम्हाला सांगते, एक बाटली चढवा आणि सोडा घरी. बाकी मी बघते.

डॉक्टर: तुम्ही दोघं नीट बसा आणि माझं पूर्ण ऐकून घ्या. मधे थांबवू नका. तिला हृदयविकार आहे.

जावई: अटॅक आला?

डॉक्टर: मी म्हटलं, मधे थांबवू नका.

जावई: नाही, पण कधी आला? ती छातीत दुखतंय असं कधी म्हणालीच नाही. एकदाही हात नाही नेला छातीवर. मी घरीच असतो ना, दुकान खालीच आहे.

डॉक्टर: अटॅक नाही.

जावई: अटॅक नाही? ऐकलंत ना आई? अटॅक नाही! अहो मग घाबरवलंत कशाला एवढं?

डॉक्टर: अटॅक नाही, पण हृदयविकार आहे.

सासूबाई: असं कसं? एक काहीतरी सांगा बाई.

डॉक्टर: एकच सांगतेय. हृदयविकार म्हणजे फक्त अटॅक, असं सगळ्यांना वाटतं. ते एका आजाराचं नाव नाही. हृदयाचं काहीही बिघडलं तरी शब्द हाच. त्याला रक्त पुरवणारी नळी तुंबली, तरी हृदयविकार. तेव्हा येतो तो अटॅक. आतली झडप नीट मिटेना, तरी हृदयविकार. ठोके चुकायला लागले, जन्मतःच आतल्या भिंतीला भोक असलं, तरीही तेच. कळतंय?

जावई: म्हणजे आमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, गादी बिघडली. तेवढंच म्हणतं. उघडून बघितल्यावर आपल्याला कळतं, कापूस बसलाय, का शिवण उसवलीय, का स्प्रिंग गेलीय.

डॉक्टर: हं, तसंच धरा.

जावई: मग तिचं काय गेलंय?

डॉक्टर: तुमच्या भाषेत, स्प्रिंग. हृदय म्हणजे शेवटी एक स्नायू. तो आवळतो आणि रक्त पुढे ढकलतो. तिचा ताणून सैल पडलाय, पुरेसा आवळतच नाही. मग रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी साठायला लागतं. माणूस बसलेला असला की जरा निभतं. आडवा झाला की पायाकडचं सगळं छातीकडे परत येतं, आणि त्या सैल हृदयाला ते झेपत नाही. ती बुडाल्यासारखं म्हणाली ना? बरोबर म्हणाली होती.

जावई: म्हणजे ती… तिनं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं तिनं.

डॉक्टर: म्हणून मी उशा विचारल्या. आम्ही सगळ्यांना विचारतो. उशा वाढत गेल्या की आमच्या मनात घंटा वाजते.

जावई: आणि मी फोम कापत बसलो.

सासूबाई: अहो, त्यांना काय माहीत! तुम्ही तरी काय, डॉक्टर. गादीवाल्याला उशी मागितली तर तो उशीच देणार.

जावई: स्प्रिंग बदलता येते, डॉक्टर. मी रोज बदलतो.

डॉक्टर: इथे येत नाही.

जावई: काहीतरी बसवता येत असेल. जाळी बसवतात ना? आमच्या समोरच्या किराणावाल्याला बसवली, तिसऱ्या दिवशी दुकानात. कितीला पडते ते सांगा, मी टेम्पो विकतो.

डॉक्टर: ती जाळी तुंबलेल्या नळीसाठी. हिच्या नळ्या स्वच्छ आहेत. तुंबल्या असत्या तर मीही खूश झाले असते, मला करायला काहीतरी असतं.

जावई: मग हृदयच बदला. पेपरात येतं. माझं घ्या.

डॉक्टर: जिवंत माणसाचं घेत नाहीत हो.

जावई: मग मी करू काय?

डॉक्टर: वाट बघा.

जावई: ते काय काम आहे?

डॉक्टर: नाही. पण तेवढंच आहे. औषधं सुरू केलीत. पाणी काढणारं एक, हृदयावरचा भार हलका करणारं एक. पाणी उतरायला लागलंय. पुढचे काही दिवस धोक्याचे आहेत, हे मी लपवणार नाही. त्यातून निघाली तर मग काही महिने बघायचं, स्नायू परत घट्ट होतो का.

सासूबाई: होतो ना?

डॉक्टर: साधारण निम्म्या बायकांचा होतो.

सासूबाई: आणि उरलेल्या?

डॉक्टर: काहींचं तेवढंच राहतं, गोळ्यांवर चालतं. काहींचं आणखी बिघडतं.

सासूबाई: ही कुठल्या निम्म्यात आहे?

डॉक्टर: ते मला माहीत नाही, आजी.

सासूबाई: एवढी मशिनं लावलीत. एवढ्या वायरी. आणि माहीत नाही म्हणता?

डॉक्टर: मशिनला आजचं दिसतं. पुढचं नाही दिसत.

सासूबाई: नाही, नाही, नाही. काहीतरी गफलत आहे. आमच्यात कोणाला हे नाही. तिचे आजोबा गेले ते नव्वदीत, आणि तेही न्हाणीघरात पाय घसरून. ही तिशीची पण नाही. बिडी नाही, काडी नाही, तेलकट नाही. हृदयविकार काय असा वाटेल त्याला होतो?

डॉक्टर: हा प्रकार बाळंतपणातच होतो. शेवटच्या महिन्यात, नाहीतर बाळ झाल्यावर काही महिन्यांत. फार थोड्या बायकांना होतो. का होतो, ते अजून नक्की कोणाला सांगता येत नाही. त्यात तिचा दोष नाही, तुमचा नाही, यांचा नाही. आणि दम लागणं, पाय सुजणं हे सगळ्याच बाळंतिणींना थोडंफार होतं, म्हणून हा त्यात लपून जातो. आमच्या लोकांच्याही हातून सुटतो.

सासूबाई: म्हणजे आधीपासून नव्हता?

डॉक्टर: आधीचा दिसत नाही.

सासूबाई: तसं लिहून द्याल?

डॉक्टर: कोणाला दाखवायचंय?

सासूबाई: कोणाला नाही. जावईबापू, माझ्या मांडीवरच्या या नातीला जरा बाहेर चक्कर मारून आणता का? बघा कशी वळवळतेय.

जावई: झोपलीय ती. तुम्ही बोला ना माझ्यासमोर.

सासूबाई: बरं, बोलते. डॉक्टर, हा शब्द नका वापरू. दुसरं काहीतरी म्हणा. अशक्तपणा म्हणा, फुप्फुसात पाणी झालं म्हणा, ते तर खरंच आहे ना? पण हृदयविकार नको. एकदा तो शब्द चिकटला की निघत नाही. उद्या ही बरी झाली तरी लोक तिच्याकडे तशाच नजरेनं बघणार. आणि यांच्या घरचे म्हणणार, हृदयविकाराची पोरगी गळ्यात मारली आमच्या.

जावई: आई!

सासूबाई: म्हणतील की नाही ते सांगा. तुमच्या ताई म्हणतील की नाही?

डॉक्टर: आजी, मी हवा तो शब्द म्हणेन. तुम्ही सांगाल तो. पण उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जावं लागलं आणि तुम्ही तिथे अशक्तपणा म्हणालात, तर तो टॉनिक देईल. मग?

सासूबाई: डॉक्टरला सांगेन मी खरं. बाकीच्यांना नाही.

डॉक्टर: आणखी दोन गोष्टी आहेत. सांगू ना? ऐकण्याच्या स्थितीत आहात?

जावई: सांगून टाका सगळं एकदाच.

डॉक्टर: एक, बाळाला अंगावरचं पाजायचं बंद. दूध थांबवायची गोळी देतोय तिला. त्या स्नायूला तेवढाच आराम. बाळाला आजपासून बाटली.

सासूबाई: दीड महिन्याचं लेकरू हे!

डॉक्टर: बाटलीवर वाढतात मुलं. तुम्हाला मी सांगायला नको. आणि दुसरी, पुढचं मूल नाही. हृदय पूर्ण सुधारलं तर पुढे कधी विचार करू, तोही भीत भीत. तोपर्यंत हेच एक.

जावई: एक पुरे आहे. ती राहू दे.

डॉक्टर: मी आत जाते. तुम्ही बाहेर बाकावर बसा, सिस्टर बोलावतील. आणि हो, ती तिरकी उशी. आणखी कोणाला बनवून दिलीत का?

जावई: दिलीय एक. चष्म्याच्या दुकानवाल्या काकांना. त्यांना आमच्याकडची आवडली, ते म्हणाले मलाही हल्ली आडवं झोपवत नाही.

डॉक्टर: त्यांना आजच फोन करा. म्हणावं, उशी राहू द्या, आधी हृदय तपासून घ्या.

जावई: करतो.

डॉक्टर: आजच.

जावई: लगेच करतो. चला आई. बाळाला द्या इकडे. दमला असाल.

सासूबाई: मी काही दमले नाही. असू दे माझ्याकडेच. थांबा, पिशवी राहिली. बाटली आहे त्यात, पाळणाघरातली, उकळून घेतलेली. मी सकाळी निघताना का कोण जाणे टाकली बघा. पावडर आणायला लागेल.

जावई: आणतो. तुम्ही बसा इथे.

सासूबाई: आत्ता नका जाऊ कुठे. बसा. बाळ उठलं की बघू.

जावई: फोन तरी करतो… उचलत नाहीत. दुकानात गर्दी असेल. नाहीतर झोपले असतील दुपारचे. उशीवर.

सासूबाई: पुन्हा लावा मग.

जावई: लावतो. आई, ती मला म्हणाली होती हो. बुडाल्यासारखं होतं. स्पष्ट म्हणाली होती. माणूस बायकोला विचारतो, कसं म्हणजे, काय होतं म्हणजे. मी काय विचारलं? किती इंच वाढवू.

सासूबाई: आता ते उगाळून काय होणार?

जावई: एवढी चांगली झाली होती ती उशी. फोटो काढून ठेवलाय मी मोबाईलमध्ये. बघू नका, पुसून टाकतो.

सासूबाई: खरं सांगू? राग नका मानू. ती उशी नसती, तर पोरीनं रात्रभर तळमळून घर डोक्यावर घेतलं असतं. आपण आधीच आलो असतो इथे.

जावई: हं. आणि "बाळंतिणीला होतंच", हे कोण म्हणत होतं, उठता बसता?

सासूबाई: म्हणजे मी?

जावई: मी दोनदा म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ या. तुम्ही म्हणालात, तुम्हा पुरुषांना काय कळतंय त्यातलं, जा दुकानात.

सासूबाई: मग जायचं नव्हतं! माझं एवढं कधीपासून ऐकायला लागलात? मी म्हटलं दुकान मोठ्या रस्त्यावर घ्या, ते ऐकलंत? मी म्हटलं जिन्याला दुसरा कठडा लावा, तो लावलात? नेमकं हेच ऐकायचं होतं माझं?

जावई: हळू. बाळ उठेल.

सासूबाई: उठू दे. तिची आई आत… उठू दे तिला. तिला तरी रडायला येतं मोकळेपणी.

जावई: आई. अहो आई. हे घ्या, माझा रुमाल स्वच्छ आहे.

सासूबाई: डिंकाचा वास येतोय त्याला.

जावई: सोफ्याचा आहे. सगळ्यालाच येतो आमच्याकडे.

सासूबाई: माझ्यासमोर इतक्या बायका येऊन जातात हो. कोणाला ताप आहे ते मी दारातून ओळखते. मूल कोणाचं आणि आईचा मूड काय, सगळं ओळखते. आणि माझी पोरगी माझ्या नजरेसमोर निळी पडेपर्यंत मला दिसलं नाही. मला काय म्हणायचं सांगा?

जावई: काही नाही म्हणायचं. मला तरी काय म्हणायचं.

सासूबाई: तुमचा फोन वाजतोय. चष्मेवाले असतील.

जावई: नाही. ताई आहे.

सासूबाई: नका उचलू.

जावई: सकाळपासून चौथ्यांदा करतेय.

सासूबाई: मग अशक्तपणा सांगा. हात जोडते. आज एक दिवस.

जावई: हॅलो. हो ताई, इथेच आहे. नाही, शुद्धीवर आहे. ऑक्सिजन लावलाय… नाही, अशक्तपणा नाही. हृदयविकार आहे… हो, तोच… नाही गं, अटॅक नाही. सगळे हृदयविकार म्हणजे अटॅक नव्हे. स्नायू सैल पडलाय तिचा… कोणी लपवलं नाही… ताई, ऐक. कोणी काही लपवलं नाही, आधी नव्हताच. आपल्याकडे झाला. आपल्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. मूल माझंच आहे ना, त्याच्याबरोबर आला हा… नाही, आई शेजारीच बसल्यात. नाही, आत्ता त्यांच्याशी नाही बोलायचं. मी सांगतोय तेवढं पुरे आहे… सगळ्यांना हेच सांग, हाच शब्द. ठेवतो.

सासूबाई: एवढं उलगडून कशाला सांगितलंत?

जावई: मग काय करू? आत काही करता येत नाही मला. निदान इथे तरी.

सासूबाई: काय म्हणाल्या?

जावई: रडायला लागली. मला वाटलं ओरडेल.

सासूबाई: ताई? रडल्या?

जावई: म्हणाली, मी येते, बाळाला सांभाळायला. मी म्हटलं नको, आजी पाळणाघरवाली आहे, तुला हातही लावू देणार नाही.

सासूबाई: येऊ द्या हो. येऊ द्या त्यांना. माझा आता माझ्यावरच भरवसा राहिला नाही. बघा, उठली ही. ओ ओ ओ, काय झालं? भूक लागली माझ्या राणीला? नाही गं, आजीकडे काही नाही. आजीकडे नुसत्या गप्पा आहेत. जा हो, आणा ती पावडर.

डॉक्टर: कुठे निघालात?

जावई: बाळासाठी पावडर आणायला. का? काय झालं?

डॉक्टर: काही नाही, दचकू नका. त्या जाग्या आहेत. मला विचारतायत, काय झालंय मला. पाच मिनिटं एकानं आत जा. एकानंच.

सासूबाई: मी जाते. मी आई आहे तिची.

डॉक्टर: त्यांनी यांना बोलावलंय.

जावई: मी काय सांगू? तुम्हीच सांगा ना डॉक्टर. तुम्ही किती नीट सांगितलंत आम्हाला, झडप, नळी, सगळं.

डॉक्टर: मी सांगितलं की त्या नुसती मान हलवतील. माझ्यापुढे सगळे मान हलवतात. तुम्हाला प्रश्न विचारतील.

जावई: आणि मला उत्तरं येत नसली तर?

डॉक्टर: तर माहीत नाही म्हणा. मीही तेच म्हणते. खोटं सांगू नका, घाबरवू नका, फार बोलायला लावू नका. आणि बाटलीचं आज नका काढू, ते मी बघते. पावडर सिस्टर देतील आतून, तुम्ही जा.

सासूबाई: अहो, केस तरी सारखे करा. असे भुतासारखे गेलात तर तिला वाटेल आपलंच काही खरं नाही.

जावई: ठीक आहे आता?

सासूबाई: ठीक आहे. जा. आणि तो शब्द जरा हळू सांगा तिला. तिला लहानपणापासून… जा, जा तुम्ही.

(बऱ्याच वेळानं, त्याच बाकावर. बाळ आजीच्या मांडीवर झोपलेलं.)

सासूबाई: किती वेळ! मला वाटलं तुम्हालाही दाखल करून घेतलं. बसा. बसा आधी. कशी आहे?

जावई: झोपली.

सासूबाई: आडवी?

जावई: नाही हो. बसूनच. त्यांच्या खाटेला बटण आहे, दाबलं की पाठ वर येते. उतार बरोबर आहे त्यांचा.

सासूबाई: ओठ?

जावई: निळे नाहीत. म्हणजे गुलाबी पण नाहीत. बोलताना थांबावं लागतंय. एक शब्द, मग श्वास, मग एक शब्द. मी म्हटलं नको बोलूस, तरी बोलत होती.

सासूबाई: सांगितलंत?

जावई: सांगितलं. हृदयविकार म्हटलं सरळ. दुसरं काही सुचलंच नाही.

सासूबाई: रडली असेल.

जावई: नाही.

सासूबाई: घाबरली असेल मग. लहानपणी इंजेक्शन बघून पळत सुटायची.

जावई: नाही हो. हसली.

सासूबाई: हसली? तिला नीट कळलं का तुम्ही काय म्हणालात ते?

जावई: कळलं. मला म्हणाली, म्हणजे मी आजारी आहे? मी म्हटलं, हो, खूप. तर म्हणाली, नक्की ना? डॉक्टरच म्हणाल्या ना असं? मी म्हटलं, हो गं, मशिनवर दिसतंय. मग डोळे मिटून घेतले, आणि एवढी हलकी दिसली, आई… मला काही कळेना. मी म्हटलं, तुला भीती नाही वाटत? तर म्हणाली, भीती रोज वाटत होती, आता निदान कशाची ते कळलं.

सासूबाई: कशाची भीती?

जावई: म्हणाली, बाळाला उचललं की दम लागायचा. पाजायला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिला वाटायचं, बाकीच्या बायकांना जमतं, आपल्यालाच जमत नाही. आपण आई व्हायच्या लायकीचेच नाही. एकदा बाळ रडत होतं आणि तिला उठवेना, तर तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली, बाळ रडून रडून झोपेपर्यंत. कोणाला सांगितलं नाही तिनं.

सासूबाई: मला नाही सांगायचं? मला?

जावई: मलाही नाही सांगितलं.

सासूबाई: आणखी काय म्हणाली?

जावई: काही नाही.

सासूबाई: काहीतरी म्हणाली. तुमच्या तोंडावर दिसतंय. सांगा.

जावई: म्हणाली, आईला सांगशील? मी म्हटलं, काय सांगू? म्हणाली, सांग तिला, मी आळस करत नव्हते.

सासूबाई: मी गमतीनं म्हणायचे हो. महाराणी उठल्या का, महाराणींना हातात आणून द्या. गमतीनं. तिला चिडवायला.

जावई: मीही गमतीनंच म्हणायचो.